देवाने की माणसाने?

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या धनजात दुपारी चारनंतर रस्त्याला रंग चढतो. ठेवणीतली लुगडी आणि नव्या तऱ्हेच्या साड्या, हातात वाणाचे ताट, तिळगुळाचा डबा. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातले हे गाव. काळी माती, एकेकाळी कपाशीची आणि आता बरीचशी सोयाबीन-तुरीची. गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून आले आणि इथलीच झाले. निवृत्त होऊनही आता काळ लोटला, पण लहानथोर सगळे अजून मला 'बाई' म्हणूनच हाक मारतात.

तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. शेजारची सून ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती. वय अठ्ठावीस. पदरात दोन लेकरे. आदल्या पावसाळ्यात सोयाबीन हातचे गेले आणि नवऱ्याने फवारणीचे औषध घेतले. समोरून बायकांचा एक घोळका हळदीकुंकवाला निघाला होता. कोणी तिला टाळले नाही, उलट दोघी-तिघींनी मायेने चौकशी केली. पण 'चल' असे कोणी म्हटले नाही, आणि कोणी म्हणेल अशी तिची अपेक्षाही नव्हती. घोळका वळणाआड गेल्यावर तिने सूप खाली ठेवले आणि मला विचारले, "बाई, हे कोनं लेहून ठेवलं हो? देवानं का मान्सानं?"

तीस वर्षे मी वर्गात प्रश्नांची उत्तरे दिली. या प्रश्नाला मात्र मी म्हणाले, "जाऊ दे पोरी, रीत आहे ती." ती काही बोलली नाही. सूप उचलून पुन्हा पाखडू लागली.

रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण ती एकटी नव्हती. माझे यजमान जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. या बावीस वर्षांत संक्रांतीच्या दिवसांत मी शाळेतून आले की दार लोटून घेत असे. वह्या तपासायच्या आहेत, डोके दुखते आहे, अशी कारणे मी कोणी न विचारताच देत होते. मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता, गावात मान होता, म्हणून माझे वैधव्य कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हते. माझ्याही नाही. या मुलीकडे पगार नव्हता, म्हणून तिला प्रश्न पडला. मला तो बावीस वर्षांत पडला नाही.

हाच प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी बाईला पडला होता आणि त्याच्या उत्तरापायी तिने आपले सगळे आयुष्य पणाला लावले. तिचे नाव पंडिता रमाबाई. वर्गात हे नाव मी किती वेळा उच्चारले असेन! मुले हमखास तीन रमाबाईंची गल्लत करायची. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी, बाबासाहेबांच्या पत्नी, आणि या तिसऱ्या. मी फळ्यावर तिन्ही नावे लिहून द्यायची. 'शारदा सदनाची स्थापना कोणी केली?' एका गुणाचा प्रश्न. त्या एका गुणापलीकडे मीही कधी गेले नव्हते. नंतर वाचनालयातून रेव्हरंड टिळकांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आणले, मग त्यांच्या स्वतःच्या लेखनाकडे वळले, आणि आपण केवढ्या मोठ्या विचारवंत बाईला एका गुणात बसवून टाकले होते हे ध्यानात आले.

आपण त्यांना समाजसुधारक म्हणतो. ख्रिस्ती मंडळींत त्यांना संत मानतात. दोन्ही खरे आहे. पण मला त्या सर्वांत आधी धर्मचिंतक वाटतात. देव काय म्हणाला, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? देवाच्या नावाने जे सांगितले जाते त्यातले देवाचे किती आणि सांगणाऱ्याचे किती? हा प्रश्न त्यांनी आधी शास्त्री-पंडितांना विचारला, मग बिशपांना विचारला, आणि शेवटी स्वतःलाही विचारला. त्यांचे समाजकार्य या प्रश्नातून निघाले आहे. कार्य तेवढे घ्यायचे आणि प्रश्न बाजूला ठेवायचा, असे केले तर रमाबाई हाती लागत नाहीत.

* * *

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. बाईला शास्त्र शिकवणे अधर्म नाही, हे त्यांनी ग्रंथांच्याच आधाराने सांगितले आणि गंगामूळच्या जंगलात बिऱ्हाड केले. तिथेच रमाबाई जन्मल्या. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात पुराण सांगायचे, मिळेल ती दक्षिणा घ्यायची, पुढचा रस्ता धरायचा. आईने शिकवलेले भागवत मुलीला मुखोद्गत झाले.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. अनंतशास्त्र्यांनी होते ते धन व्रते, दाने आणि ब्राह्मणभोजने यांत घालवले होते. देव पावेल ही श्रद्धा होती. अंगमेहनतीचे काम ब्राह्मणाला शोभत नाही आणि भीक मागायची लाज, अशा कात्रीत ते विद्वान कुटुंब सापडले. जंगलातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. काही महिन्यांच्या आत आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई रायचूरला गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे मिळाली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची बेताची असल्यामुळे त्यांचा खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीचा आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला आणि कोसभराहून जास्त वाट चालल्या. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि तो वाचल्यावर मला पुस्तक मिटून ठेवावे लागले.

पुढे बहीणभाऊ उत्तरेत पार पंजाबपर्यंत पायी हिंडले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिला तिथेच मिळाल्या.

पण खरी घटना पुढे घडली. अंतःपुरातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत म्हणून रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या. ग्रंथांचे आपसांत एकमत नव्हते. एक म्हणे हे, दुसरा म्हणे ते. पण एका बाबतीत सगळ्यांचा सूर एकच आहे असे त्यांना आढळले. स्त्री मग ती उच्च जातीची असो की नीच मानलेल्या जातीची, ती स्वभावतःच वाईट, तिला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही, नवऱ्याची सेवा हीच तिची गती. आणि शूद्रांच्या बाबतीतही असेच. ही नोंद त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात केली आहे. स्त्री आणि शूद्र यांना एकाच वाक्यात, एकाच अन्यायाचे धनी म्हणून उभे करणारी ही बाई स्वतः चित्पावन ब्राह्मण होती, हे विसरून चालणार नाही.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो कायस्थ, म्हणजे सनातन्यांच्या हिशेबी शूद्र. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. माझ्या शेजारच्या मुलीपेक्षा पाच वर्षांनी लहान.

* * *

१८८२ साली त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी बाई शिक्षक आणि बाई डॉक्टर हवेत, असे ठणकावून सांगितले. आणि पुढच्याच वर्षी, वैद्यक शिकावे या हेतूने, लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. त्या काळात त्यांची बाजू मांडणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयामागची कारणे वाचकांपुढे ठेवली.

त्यांना हा धर्म कशाने ओढला, हे पाहण्यासारखे आहे. लंडनजवळ फुलहॅम इथे सिस्टरांनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा बायका तिथे सन्मानाने राहत, काम शिकत, इतर दुःखितांची सेवाही करत. ही करुणा आली कोठून, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी ज्यांना विटाळ मानत त्या जमातीची, पाच नवरे झालेली बाई. विहिरीवर येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि देवाची खरी उपासना कोणती हे तिला समजावून सांगतो. पाणवठा, विटाळ आणि बाई! आपल्याकडच्या माणसाला या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रमाबाईंनी आधी सिद्धान्त वाचून मग सेवा पाहिली नाही. आधी सेवा पाहिली आणि मग तिच्यामागचा सिद्धान्त विचारला.

सिद्धान्त स्वीकारला म्हणजे मान तुकवली असे मात्र झाले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीपोटी जन्म, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार, एकेका मुद्द्यावर रमाबाई अडून बसलेल्या दिसतात. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले, ते दुसऱ्याचे घालून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदी समाजाला ते रुचणार नाही, हे कारण. रमाबाईंनी सुनावले की मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांतून बोलत आले आहे, माझ्या देशबांधवांना काय रुचेल याची काळजी तुम्ही करू नये.

एक वाद तर मला फार बोलका वाटतो. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, लॅटिनच का? माझ्या देशात ही भाषा कोणाला कळते? अक्षरे हवीतच तर संस्कृतात असू देत. संस्कृत ही देवांची भाषा आहे असे मी मानत नाही, पण ती माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा आहे. हा संस्कृतचा आग्रह वाचकांनी लक्षात ठेवावा. वीस वर्षांनी याच बाईने संस्कृतचे काय केले ते पुढे येईल.

* * *

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक तिथे निघाले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्यासाठी बोस्टनला मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सुरुवातीच्या मुलींतली गोदूबाई ही पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाली.

शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुलींनी आपापले सोवळे-ओवळे पाळावे, पूजा करावी, कोणावर धर्माची सक्ती नाही, असा नियम होता. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपण होऊन येऊन बसत. हे धर्मांतराचे जाळे आहे, असा 'केसरी'ने गिल्ला केला. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा रमाबाईंचा हक्क होता, असे मला वाटते. पण आपली मुलगी वेगळ्या श्रद्धेकडे ओढली जाईल ही पालकांची भीतीही खोटी नव्हती. पुढे मुली ख्रिस्ती झाल्याच. इथे एका बाजूला सगळे शहाणपण आणि दुसऱ्या बाजूला सगळा अडाणीपणा, अशी वाटणी करता येत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि माझ्या मते रमाबाईंच्या धर्मविचाराचा खरा निकाल तिथे लागला.

मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून त्यांना स्वतःचे दिवस आठवले. पाला, तिरडी, वाळूतले खड्डे. त्या स्वतः निघाल्या. रस्त्यांवर, धर्मशाळांत, मदत-छावण्यांत मुली भुकेने मरत होत्या, आणि ज्या मरत नव्हत्या त्यांना पळवणारे दलाल टपलेले होते. रमाबाई शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि 'मुक्ती' जन्माला आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. १९०० च्या सुमारास केडगावला जवळपास दोन हजार माणसे जेवत होती. त्याच दुष्काळात आमचा वऱ्हाडही होरपळून निघाला होता.

या मुली उच्चवर्णीय नव्हत्या. नाना जातींच्या, शेतमजुरांच्या, अक्षरओळख नसलेल्या, काही आंधळ्या, काही अत्याचाराने खचलेल्या. शारदा सदनातला चुलीचा वेगळेपणा इथे राहणे शक्यच नव्हते. सगळ्यांचे अन्न एकत्र शिजे. उच्चवर्णीय स्त्रीवर पुस्तक लिहिणाऱ्या रमाबाई इथे येऊन सगळ्या जातींच्या बायकांच्या झाल्या. स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी कलकत्त्यात ग्रंथात वाचलेली गोष्ट आता त्यांच्या ताटाशी येऊन बसली होती.

त्यांनी या मुलींना नुसते जेवू घातले नाही. विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभते, शेती, रुग्णसेवा, अध्यापन, छपाई अशी कामे शिकवली. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमेने उचलले. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर आता केडगावच्या माळावर उभे होते. केडगावची संस्था आजही चालू आहे.

योगायोग असा की ज्या १९०७ साली रमाबाईंचे आत्मनिवेदन निघाले, त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर राउशेनबुश या प्रॉटेस्टंट धर्मपंडिताचे ख्रिस्ती धर्म आणि समाजाचे संकट यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाप हे केवळ एकेका माणसाच्या मनात नसते, समाजाच्या रचनेतही असते, असे सांगणारा हा विचार पुढे 'सोशल गॉस्पेल' म्हणून गाजला आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत पोचला. राउशेनबुश यांनी न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत धर्मसेवक म्हणून काम करता करता जे ओळखले, ते रमाबाई इकडे दुष्काळाच्या रस्त्यावर शिकल्या होत्या. जगाने त्यांना धर्मपंडित म्हटले आणि रमाबाईंना परोपकारी बाई. बाईच्या वाट्याला बहुधा दुसराच शब्द येतो.

* * *

आता त्या संस्कृतच्या आग्रहाकडे वळू.

केडगावच्या मुलींना बायबल वाचता यावे, असे रमाबाईंना वाटे. पण प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर होते. वाक्य लांब, शब्द जड. शिवाय त्यातले कित्येक धार्मिक शब्द दुसऱ्याच तत्त्वज्ञानाचा अर्थ पाठीवर घेऊन आलेले, असे त्यांना वाटले. विसावे शतक उजाडल्यावर, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा कोशांच्या मदतीने शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. ज्या बाईला कलकत्त्याने संस्कृतसाठी 'सरस्वती' म्हटले आणि जिने विलायतेत क्रूसावर संस्कृतच हवे म्हणून वाद घातला, तिने आता आपल्या लेखणीतून एकेक जड संस्कृत शब्द काढून टाकायला घेतला. कारण तूर पाखडणाऱ्या बाईला तो कळत नव्हता. विद्वत्तेचा याहून मोठा त्याग मला माहीत नाही.

छपाईही केडगावलाच. एकेकाळी अक्षरशत्रू असलेल्या मुली खिळे जुळवत होत्या, हिब्रू आणि ग्रीकचेसुद्धा. एकट्या बाईने सगळे बायबल भाषांतरित केल्याचे उदाहरण जगातही विरळा. अमेरिकेत कनेक्टिकटच्या ज्युलिया स्मिथ यांनी १८७६ साली आपले इंग्रजी भाषांतर छापले होते. त्याही बाईंच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या. धर्मग्रंथाचा अर्थ पुरुषांच्या हाती सोपवून बाईला न्याय मिळत नाही, हे दोघींनाही उमगले असावे.

१९२१ साली मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था द्यायची ती लेकच गेली. रमाबाई पुन्हा मुद्रितांवर वाकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. भाषांतराचे काम पुरे होण्यापुरते दिवस दे, अशी त्यांनी देवाकडे मागणी केली होती आणि ते संपल्यावरच डोळे मिटले, असे सांगतात. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली. मंडळ्यांमध्ये मात्र ते रुळले नाही. बायबल सोसायटीचेच भाषांतर वापरात राहिले.

रमाबाईंचे सगळेच मला पटते असे नाही. भुकेल्या मुलीला अन्न देणाऱ्या हातानेच धर्मही दिला, तर तिची निवड कितपत मोकळी राहते? उपाशी पोटी कोणी देव निवडत नसते. ज्या बाईने स्वतः बिशपांना 'माझे मी ठरवीन' असे सांगितले, तिने आपल्या दोन हजार लेकींना तेवढे अंतर दिले का, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. त्यावर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा अंदाज करता येतो. त्या मुली रस्त्यावर मरत होत्या तेव्हा त्यांची निवड विचारायला कोण आले होते? हेही उत्तर खोडता येत नाही. उत्तरायुष्यात त्यांचा स्वर अधिक भक्तीचा आणि कधी कधी कठोर झाला. पण त्यांनी चुकीचे काही म्हटले असेल तर ते वाद घालून खोडायला हवे होते. आपण त्यांना विसरून मोकळे झालो. सुधारकांना त्या ख्रिस्ती म्हणून नकोशा, मिशनऱ्यांना हट्टी म्हणून अवघड. त्या कुठल्याच यादीत नीट बसल्या नाहीत. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांना पुन्हा वाचकांपुढे आणले, तोवर पाठ्यपुस्तकातला तो एक गुण एवढीच त्यांची जागा उरली होती.

१९८० च्या दशकाच्या आरंभी बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल या प्रॉटेस्टंट धर्मपंडिताने विचारले की हिंदुस्थानातले ख्रिस्ती धर्मचिंतन आजवर उच्चवर्णीयांच्याच तत्त्वज्ञानाभोवती का फिरत राहिले? चर्चमध्ये बहुसंख्य आहेत ते दलित, त्यांचे दुःख या चिंतनात कुठे आहे? तिथून आपल्याकडच्या दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात झाली. प्रश्न नवा होता, पण त्याचे मूळ जुने होते. शास्त्र लिहिणारा कोण आणि त्यात ज्याच्याविषयी लिहिले तो कोण, हे रमाबाईंनी कलकत्त्यातच विचारून ठेवले होते.

* * *

हे सगळे वाचून झाल्यावर मी शेजारणीकडे गेले. "पोरी, तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर सापडलं. माणसानं लिहिलं." ती हसली. म्हणाली, "मले वाटतंच होतं." मग लगेच पुढचा प्रश्न, "पन बाई, आता त्याचं काय करू?"

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड. आमच्या वऱ्हाडात तो अनेक उंबरठ्यांवर बसलेला आहे. २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले त्यांत आमचा वाशीम होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे वर्तमानपत्रात येतात. त्यांच्या मागे राहिलेल्या बाईचे काय झाले, हे क्वचितच छापून येते. या मुलीच्या नवऱ्याचे प्रकरण सरकारी मदतीला 'अपात्र' ठरले होते. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचे. म्हणजे कागदोपत्री तो शेतकरीच नव्हता!

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव चांगलाच. पण रमाबाई असत्या तर त्यांनी कुंकवापाशी थांबू दिले नसते. सातबारावर नाव आहे का? हातात हुन्नर आहे का? अर्ज स्वतः वाचता येतो का? हे त्यांनी आधी विचारले असते. म्हणून आम्ही दोघी आधी तलाठ्याकडे गेलो. सासऱ्याला समजावायला चार महिने लागले. म्हातारा वाईट नाही, घाबरलेला होता. सून जमीन घेऊन माहेरी जाईल हे त्याचे भय. दीड एकर सुनेच्या आणि नातवंडांच्या नावे झाले. फेरफाराचा कागद तिने माझ्यासमोर स्वतः वाचला. सातवीपर्यंत ती शिकलेली होती, पण घरात तिला कधी कोणी कागद वाचायला दिलाच नव्हता.

गेल्या संक्रांतीला मी माझ्या घरी हळदीकुंकू केले. आयुष्यात पहिल्यांदा, एकटीने. आळीतल्या सगळ्यांना बोलावले, सवाष्ण-विधवा असा भेद न करता. नऊ जणी आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्याशी माझे भांडण नाही. बावीस वर्षे मीही दार लोटूनच बसले होते. त्या मुलीने पुढे होऊन माझ्या कपाळाला कुंकू लावले, तेव्हा एक म्हातारी शेजारीण पुटपुटली, "देवाले चालंल का हे?"

मुलगीच उत्तरली, "देवाले कोनं इचारलं होतं आजी, तवा?"

कोणी काही बोलले नाही. मग म्हातारीनेच तिळगुळासाठी हात पुढे केला.